पोट भरले की उडून जाणारा राक्षस

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या २०१४ च्या आवृत्तीत सगळ्यांत म्हाताऱ्या लाल ड्रॅगनच्या नावापुढे ५४६ हा आकडा छापलेला आहे. तलवारीचे, बाणांचे, मंत्रांचे घाव बसत बसत हा आकडा शून्यावर आला की ड्रॅगन पडला. त्याच पुस्तकात स्टर्ज नावाचा एक प्राणी आहे. त्याचा आकडा आहे २. काठीचा एक फटका नीट बसला तर कारभार आटोपला. आणि तरीही नवशिक्या पात्रांच्या टोळीवर अंधाऱ्या गुहेच्या छतातून सात-आठ स्टर्ज सुटले, की टेबलाभोवतीच्या मंडळींचे चेहरे ड्रॅगन पाहिल्यासारखे होतात.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघा अमेरिकनांनी तो बाजारात आणला. सोंगट्यांपेक्षा बोलण्यावर चालणारा हा खेळ. एक जण सूत्रधार, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात, कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी जादूगार. समोर दगडी दार आहे, आतून पंखांची फडफड ऐकू येते आहे, असे सूत्रधार सांगतो. काय करायचे ते खेळाडू ठरवतात. आणि ते जमले की फसले याचा निवाडा वीस बाजूंचा फासा करतो. पात्र अजून किती मार खाऊ शकते हे एका आकड्यात मांडतात, त्याला हिट पॉइंट म्हणायचे. साध्या गावकऱ्याचे हिट पॉइंट ४. मुरलेल्या वीराचे शंभराच्या वर.

स्टर्ज या खेळात पहिल्यांदा आला १९७५ च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीत आणि स्थिरावला १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये. तिथे तो लांब चोचीचा पक्षी होता. पुढच्या आवृत्त्यांत पिसे गळाली. आता तो मोठे वटवाघूळ आणि अवाढव्य डास यांचा संकर दिसतो. नियमांचा गाभा मात्र मुळातलाच आहे. त्याने सोंड खुपसली की तो चिकटतो. त्यानंतर त्याला फासा टाकून नेम धरावा लागत नाही. त्याची पाळी आली की सरासरी ५ हिट पॉइंट आपोआप गेले. त्याला उपटून काढायचे तर कुणाला तरी आपली पाळी त्यातच घालवावी लागते, म्हणजे त्या वेळात तलवार चालवता येत नाही. आणि खरी गंमत पुढे आहे: १० हिट पॉइंटांएवढे रक्त प्याला की स्टर्ज सोंड काढून घेतो आणि निघून जातो.

चक्क निघून जातो! जुन्या पुस्तकात ही मर्यादा १२ होती, पण वागणूक हीच. पोट भरले म्हणून ट्रोल नावाचा राक्षस लढाई सोडून घरी गेला, असे या खेळात सहसा ऐकू येत नाही. राक्षस म्हटला की तो तुमच्या वाईटावर असतो. स्टर्जला तुमच्याशी देणेघेणे नाही. त्याला भूक लागली आहे, आणि भुकेला शेवट असतो.

हा प्राणी गायगॅक्सने हवेतून काढलेला नाही. रोमन लोकांच्या भयकथांत तान्ह्या मुलांचे रक्त पिणारे रात्रीचे पक्षी आहेत, त्यांचे नाव स्ट्रिक्स. दोन हजार वर्षांपूर्वी ओव्हिड या कवीने त्यांचे वर्णन करून ठेवले आहे: मोठे डोके, रोखलेले डोळे, लुटीसाठी घडलेली चोच, करडे पंख, आकड्यांसारख्या नख्या. त्याच्या कथेत प्रोकास नावाच्या राजपुत्राच्या पाळण्यावर हे पक्षी उतरतात. कार्ना नावाची देवी त्याला वाचवते, आणि तिचा उपाय ऐकण्यासारखा आहे. ती दारावर मंत्रलेले पाणी शिंपडते, खिडकीत काटेरी फांदी ठेवते, ते ठीकच; पण त्या पक्ष्यांना ती डुकराच्या पिल्लाची आतडी देते. मुलाच्या जिवाबद्दल हा जीव घ्या, म्हणते. म्हणजे शस्त्र न उचलता ती त्यांचे पोट भरते. हुशार खेळाडूंनी गुहेत शिरताना एखादी शेळी बरोबर नेली, तर ते कार्नाच्याच वाटेने चालले आहेत.

रोमन पंडित प्लिनी मात्र या पक्ष्याबद्दल साशंक होता. शिव्याशापांत त्याचे नाव येते, पण तो नेमका कोणता पक्षी हे कुणी सांगू शकत नाही, असा त्याचा अभिप्राय. प्लिनीला गॅलापागोस बेटे ठाऊक असती तर? तिथल्या वुल्फ आणि डार्विन या दोन उजाड बेटांवर एक छोटा फिंच पक्षी राहतो. तो बूबी नावाच्या मोठ्या समुद्रपक्ष्यांच्या पिसांच्या मुळाशी टोचतो आणि वाहते रक्त पितो. बूबी फारसा विरोधही करत नाही. पूर्वी हे फिंच बूबींच्या अंगावरचे कीटक वेचत असावेत आणि त्यातून रक्ताची चटक लागली असावी, असे शास्त्रज्ञांना वाटते. रक्त पिणारा पक्षी आहे. फक्त तो चिमणीएवढा आहे.

आणि इथेच, आकारातच, सगळी मेख आहे. वाघाला हरिण अख्खे लागते. जळूला हरणाचा अगदी थोडा भाग पुरतो. तो मिळाल्यावर हरिण जिवंत राहिले तर बरेच, पुढच्या पावसात ते पुन्हा त्याच वाटेने येईल. खेळ रचणाऱ्याला मात्र जळू मोठी करायची असते, कारण बोटभर जळवेला कोण भिणार? मोठी केली की तिची भूकही मोठी होते, आणि एका टप्प्यानंतर यजमान तिला पुरत नाही. मग ती परजीवी उरत नाही. ती निव्वळ शिकारी होते, हाडे मागे ठेवणारी.

हे प्रत्यक्षात घडलेले आहे, उत्तर अमेरिकेच्या पंचमहासरोवरांत. समुद्री लॅम्प्रे हा लांबुळका, जबडा नसलेला मासा. त्याचे तोंड म्हणजे आतून दातांच्या रांगाच रांगा असलेले गोल चोषक. ते मोठ्या माशाच्या अंगाला लावायचे, खरखरीत जिभेने कातडी खरवडायची आणि रक्त ओढत राहायचे, हा त्याचा उद्योग. अटलांटिक महासागरात त्याचे यजमान मोठे, त्यामुळे पुष्कळदा व्रण घेऊन का होईना ते जगतात. वरच्या सरोवरांना नायगारा धबधब्याचे संरक्षण होते. पण धबधबा टाळून जहाजे नेण्यासाठी वेलंड कालवा झाला होता, आणि १९२१ मध्ये लॅम्प्रे ईरी सरोवरात सापडला. १९३० चे दशक संपेपर्यंत तो मिशिगन, ह्यूरॉन, सुपीरियर अशी सगळी सरोवरे गाठून बसला. तिथले ट्राउट मासे त्या मानाने लहान. एक लॅम्प्रे आपल्या रक्तपिपासू वयात १८ किलोपर्यंत मासे मारू शकतो. तिथली मासेमारी कोसळली. हजारो रसायने तपासल्यावर १९५० च्या दशकात टीएफएम नावाचे एक सापडले, जे ओढ्यांत वाढणाऱ्या लॅम्प्रेच्या अळ्या मारते. ते आजही सोडावे लागते. प्राणी तोच, दात तेच. यजमान लहान निघाला आणि परजीवीचा राक्षस झाला.

गॅरी गायगॅक्सचा जन्म १९३८ मधला, मिशिगन सरोवराच्या काठावरच्या शिकागोतला. तो वाढला शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा गावात. लॅम्प्रेच्या धुमाकुळाची वर्षे तीच त्याच्या लहानपणाची. त्याच्या १९७७ च्या पुस्तकात राक्षसी जळू आहे, राक्षसी गोचीड आहे, आणि लॅम्प्रेही आहे. योगायोग म्हणा.

या रक्तपिपासू मंडळींनी खेळाच्या हिशेबातही एक छान घोळ घालून ठेवला आहे. हिट पॉइंट म्हणजे नुसते मांस आणि रक्त नव्हे, असे गायगॅक्सनेच १९७९ च्या सूत्रधारांसाठीच्या पुस्तकात समजावले होते. मुरलेल्या योद्ध्याचे शरीर काही वीस माणसांएवढे होत नाही. त्याच्या वाढलेल्या आकड्यात कसब असते, नशीब असते, देवाची कृपा असते. तलवारीच्या बाबतीत हे पटते, घाव थोडक्यात हुकला असे म्हणता येते. पण स्टर्जने सोंड खुपसली आहे आणि १० हिट पॉइंट प्यायले आहेत. तो नक्की काय प्याला? वीराचे नशीब? मला तरी ही कल्पना नुसत्या रक्तापेक्षा भीतिदायक वाटते. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने हा घोळ सोडवायचा प्रयत्न केला. तिथे स्टर्ज हिट पॉइंटांना हात लावत नसे, तो थेट पात्राचा काटकपणा मोजणारा कॉन्स्टिट्यूशन हा गुण शोषून घेई, ४ गुण झाले की उडून जाई. गेलेला गुण विश्रांती घेऊन दिवसाला एक या गतीने परत येई. अशक्तपणा म्हणून हे जास्त खरे होते. पण खेळताना वहीत खाडाखोड फार, म्हणून पुढे सगळे पुन्हा हिट पॉइंटांवर आले.

आता जरा आकडेमोड करू, कारण अशा खेळात अर्धी मजा तीच असते. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असते. त्यातले २ लिटर गेले की जीव धोक्यात. गावकऱ्याचे ४ हिट पॉइंट म्हणजे हे २ लिटर धरले, तर एक हिट पॉइंट अर्ध्या लिटरचा, आणि स्टर्जचे पोट ५ लिटरचे. खेळातली एक फेरी ६ सेकंदांची असते आणि स्टर्जचे जेवण दोन-तीन फेऱ्यांत उरकते. म्हणजे फार तर १८ सेकंदांत ५ लिटर. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय तेवढे रक्त ढकलायला पुरते एक मिनिट घेते. स्टर्ज हृदयाच्या तिपटीहून जास्त वेगाने ओढतो आहे! आणि मग एवढ्याशा पंखांवर ५ किलोहून जास्त ओझे घेऊन तो उडतो.

खऱ्या रक्तपिपासूंना ही उडायची अडचण रोजची आहे, आणि त्यांनी तिच्यावर काढलेला उपाय फारसा सभ्य नाही. दक्षिण आणि मध्य अमेरिकेतले रक्तपायी वटवाघूळ एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या निम्मे रक्त पिते, आणि जेवण चालू असतानाच लघवी करायला लागते. रक्तातले पाणी टाकायचे, जिन्नस ठेवायचा. डासाची मादीही पिता पिता मागून थेंब सोडते. गोचीड तर आणखी पुढची: नको असलेले पाणी ती लाळेतून यजमानाच्याच अंगात परत सोडते. आपल्या रक्ताचा घट्ट भाग घेऊन पातळ भाग साभार परत.

गोचिडीचे आकडे ऐकून तर मला खेळातली राक्षसी गोचीड बिचारी वाटू लागली आहे. युरोपातल्या साध्या गोचिडीची उपाशी मादी तीनेक मिलिमीटर लांब आणि सुमारे २ मिलिग्रॅम वजनाची असते. रक्त पिऊन तिचे वजन शंभरपटीहूनही वाढते. तिला शंभरपट लांब केली, म्हणजे फूटभर, तर तिचे वजन शंभरपट होत नाही. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही वाढल्याने ते दहा लाखपट होते. २ मिलिग्रॅमचे झाले २ किलो. आणि पोट भरल्यावर? दोन क्विंटल. एवढे रक्त चाळीस माणसांच्या अंगात मिळून असते, आणि पाणी परत टाकण्याची सवय धरली तर तेवढ्यानेही भागणार नाही. छापील राक्षसी गोचीड एका योद्ध्यावर समाधान मानते. नियम लिहिणाऱ्याने दयाच दाखवली म्हणायची.

अर्थात अशी गोचीड चालू शकणार नाही. वजन दहा लाखपट वाढले तरी पायांची जाडी, म्हणजे त्यांच्या छेदाचे क्षेत्रफळ, दहा हजारपटच वाढते. प्रत्येक पायावर शंभरपट जास्त ताण. जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२६ मध्ये प्राण्यांच्या योग्य आकारावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात हा हिशेब फार मजेत मांडला आहे. पुढे ते भारतात आले आणि भारताचे नागरिक झाले. कीटकांची आणखी एक पंचाईत त्यांनी दाखवली: त्यांच्या अंगात हवा नळ्यांतून झिरपत जाते आणि ती लांबवर पोचत नाही. जळूला पाय नाहीत आणि तिचे वजन पाणी तोलते, म्हणून ती जरा मोठी होऊ शकते. फ्रेंच गियानाच्या दलदलीतली राक्षसी अ‍ॅमेझॉन जळू ४५ सेंटिमीटरपर्यंत वाढते. तिच्या लाळेतले एक द्रव्य गोठलेले रक्तही विरघळवते. पिसवांची मजल मात्र फार नाही. आज हयात असलेली सर्वांत मोठी पिसू जेमतेम १२ मिलिमीटरची. चीनमध्ये डायनोसॉरांच्या काळातल्या पिसवांचे जीवाश्म सापडले, त्यांतल्या माद्या २ सेंटिमीटरच्या. म्यानमारच्या राळेत ९ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीची एक गोचीड डायनोसॉरच्या पिसाला धरून अडकलेली मिळाली, तीही गोचिडीएवढीच होती. समोर एवढा मोठा यजमान असूनही!

कारण मोठे होणे परवडत नाही. रक्तपिपासूचे खरे हत्यार दात नव्हेत, कळू न देणे हे आहे. पावसाळ्यात सह्याद्रीच्या रानात चाललेल्याला जळू चढल्याचे बहुधा तेव्हा कळते, जेव्हा मोजा ओला आणि लाल दिसतो. तोवर ती जेवून गळूनही पडलेली असते. चावा जाणवत नाही आणि रक्त गोठत नाही, दोन्ही लाळेची करामत. त्यातल्या हिरुडिन या द्रव्याचा शोध १८८४ मध्ये लागला. गायगॅक्सच्या राक्षसी जळूचीही लाळ बधिर करणारी आहे: पाण्यातून चालणाऱ्या पात्राला आपले काही बिघडले आहे हे पार गळाठा आल्यावरच उमगते. सूत्रधाराने ही जळू नीट वापरली तर तो तिचे नावही घेत नाही. तो फक्त दर काही वेळाने एका खेळाडूला सांगतो, तुझे ३ कमी कर. का ते विचारू नकोस.

लाळेचे दुसरे देणे रोगांचे. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तपास केला तेव्हा तो विषाणू गोचिडींमार्फत येतो हे उघड झाले. हाच माकडताप पुढे गोव्यातल्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात पोचला. तो पसरवणाऱ्या गोचिडीचे पिल्लू तर टाचणीच्या डोक्याएवढे असते. खेळातल्या मोठ्या गोचिडीही रोग देतात खऱ्या, पण फूटभर गोचीड अंगावर चढलेली कुणाला दिसणार नाही?

उरला एक प्रश्न, जो मला या सगळ्यांत सर्वांत जास्त छळतो. खेळाडू येत नाहीत तेव्हा स्टर्ज काय पितात? जुन्या पुस्तकाप्रमाणे ते तीनपासून तीसपर्यंतच्या थव्याने राहतात. रक्तपायी वटवाघळाला दोन-तीन रात्री जेवण मिळाले नाही तर ते मरते. म्हणून उपाशी परतलेल्याला शेजारी आपल्या पोटातले रक्त ओकून भरवतो, असे जेराल्ड विल्किन्सन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले. रक्तावर जगणाऱ्या, उष्ण रक्ताच्या उडणाऱ्या प्राण्याला उपास सहन होत नाही. तेव्हा बंद भुयारात वर्षानुवर्षे टपून बसलेले स्टर्ज ही निव्वळ थाप. ते रोज रात्री बाहेर पडत असले पाहिजेत, आणि जवळच्या गावातली गुरे रोडावलेली, मानेवर खपल्या धरलेली असली पाहिजेत. सूत्रधाराने गावात शिरतानाच ही गुरे दाखवावीत. चाणाक्ष खेळाडूला मशाल पेटवण्याआधीच कळेल की छतावर काय आहे.

बंद तळघरासाठी योग्य राक्षस गोचीडच. युरोपातल्या त्या साध्या जातीला डोळे नसतात. पुढच्या पायांवरच्या एका खळगीने ती वास, ऊब आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड टिपते, आणि ते येईपर्यंत काहीही न करता थांबते. याकोब फॉन युक्स्क्यूल या जीवशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये लिहून ठेवले आहे की रोस्टॉकच्या प्राणिशास्त्र संस्थेत १८ वर्षे उपाशी राहिलेल्या गोचिडी जिवंत होत्या. तेव्हा पंधरा वर्षे कुणी न उघडलेले दार पात्रांनी उघडले, की छुप्या पावलांचा फासा कितीही चांगला पडला तरी तो मोजू नये. चोराला श्वास किती वेळ रोखून धरता येतो, एवढेच विचारावे.